एन्फिल्ड रिव्हॉल्वरवरचा काळा पेंट काढून मूळ निळं फिनिश परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की एन्फिल्ड नंबर 2 मार्क 1 स्टार, म्हणजे ब्रिटिश सैन्याची जुनी रिव्हॉल्वर घेतलीय, अंगावर जाडसर काळा पेंट आहे, नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या कडांना टवके उडालेत आणि खाली करडं दिसतंय, तर पेंट काढला की मूळ ब्ल्यूइंग मिळेल का. आधी उत्तर देतो, मिळणार नाही. आणि कृपा करून काढू नका.

मी इथे ओहायोत बरीच वर्षं जुन्या मिलिटरी रिव्हॉल्वर जमवतोय आणि हा प्रश्न मलाही पडला होता म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्ल्यूइंग म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे, ती पोलादाचीच वरची कातडी असते. जुन्या पद्धतीत मुद्दाम बारीक गंज चढवायचे, मग भाग पाण्यात उकळायचा की लाल गंजाचा काळा होतो, तो मऊ तारेच्या ब्रशने घासायचा आणि परत गंज, परत उकळणं, असं पाच-सहा वेळा तरी, तेव्हा कुठे तो खोल निळा-काळा यायचा. हा थर इतका पातळ असतो की नुसत्या होल्स्टरमध्ये आत-बाहेर करून झिजतो.

तुमच्या रिव्हॉल्वरवर आहे ते वेगळं आहे. ब्रिटिश सैन्यात वापरून थकलेली हत्यारं फॅक्टरीत पूर्ण दुरुस्तीला जायची, फॅक्टरी थरो रिपेअर, त्याचा एफटीआर असा शिक्का कुठे आहे का बघा. त्यात जुनं फिनिश साफ करायचे, धातू खरखरीत करून घ्यायचे, गरम फॉस्फेटच्या बाथमध्ये बुडवायचे आणि त्यावर सनकोराइट नावाचा काळा पेंट भाजून पक्का करायचे. तुम्हाला दिसतंय ते करडं म्हणजे बहुतेक हे फॉस्फेटच. म्हणजे निळं फिनिश तुमच्या पेंटखाली लपलेलं नाहीये, ते तिथल्या कारागिरांनीच कधीचं काढून टाकलंय. तुम्ही खरवडलंत तर हातात उरेल ती करडी उघडी रिव्हॉल्वर, आणि तशी ती कोणी सैनिकाला कधी दिलीच नव्हती.

आणि मूळ म्हणजे नेमकं कधीचं हेही ठरवावं लागेल. नंबर 2 आली 1932 साली, मागच्या घोड्याला (हॅमरला) बोटाने ओढायचं टोक असलेली. रणगाड्यात ते टोक कशात ना कशात अडकायचं म्हणून 1938 मध्ये बिनटोकाची मार्क 1 स्टार आली, आणि पुढे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी जुन्या मार्क 1 पण तशाच करून टाकल्या. दुसऱ्या महायुद्धात तर पॉलिशला वेळच नव्हता, वेब्ली या ब्रिटिश कंपनीने आपल्या .38 मार्क 4 रिव्हॉल्वरवर चक्क 'वॉर फिनिश' असा शिक्का मारला, की हे खडबडीत काम बघून आमच्या कारागिरीला नावं ठेवू नका.

माझ्याकडे एक वेब्ली मार्क 6 होती, 1917 चा शिक्का असलेली. निळा जवळपास उडालेला, बाकी सगळं तपकिरी पडलेलं. मला वाटलं हिला नवी करूया, एका गन्समिथकडे दिली, त्याने बफिंग व्हीलवर घेऊन नवं चकचकीत ब्ल्यूइंग करून दिलं. घरी येऊन दिव्याखाली धरली तेव्हा पोटात खड्डा पडला. फ्रेमच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा आलेला, आणि 1917 मधला 7 अर्धा पुसलेला. बाणाचा सरकारी शिक्का बोटाला लागतच नव्हता. गंजाचे खड्डे मात्र तसेच, फक्त आता आतूनही काळेशार. ते पोलाद गेलं ते गेलंच, ते कोणी परत आणून देऊ शकत नाही, आजही ती हातात घेतली की वाईट वाटतं.

म्हणून माझ्या लेखी सैन्याच्या वर्कशॉपने केलेलं री-फिनिश हा त्या वस्तूच्या नोकरीचाच भाग आहे आणि नंतर कोणी हौसेने केलेलं ते नुकसान. अमेरिकन स्मिथ अँड वेसन कंपनीची 1917 मॉडेल मुळात ब्ल्यूड, ती फॉस्फेटमध्ये दिसली तर बहुतेक दुसऱ्या महायुद्धात आर्सेनलमधून, म्हणजे सैन्याच्या शस्त्र कारखान्यातून होऊन आलीय, ते ठीक. उलट त्याच कंपनीची, नंबरच्या आधी व्ही अक्षर असलेली महायुद्धातली व्हिक्टरी मॉडेल आरशासारखी निळी दिसली तर मी लांबच राहतो, कारण तिचं खरं फिनिश मंद करडं-काळं.

तुमचा पेंट फॅक्टरीचाच आहे का हे बघायला रिव्हॉल्वर उघडून सिलिंडर रिकामा आहे याची खात्री करा, मग मुठीचा स्क्रू काढून दोन्ही ग्रिप उतरवा. फ्रेम आतपर्यंत एकसारखी काळी असेल तर चांगली खूण. पेंट ग्रिपच्या कडेशीच थांबला असेल आणि स्क्रूच्या खाचेत साचला असेल तर घरी कोणीतरी स्प्रे मारलाय, तेव्हा फोटो टाका, मग बोलू. तोवर स्टील वूल, गंज काढायचं जेल, कोल्ड ब्ल्यूची (घरी लावायच्या ब्ल्यूइंगच्या रसायनाची) बाटली यातलं काहीही लावू नका. मऊ फडक्याने हलकं तेल, मग रेनेसान्स वॅक्स या जुन्या वस्तू जपायच्या मेणाचा पातळ हात, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, चामडं ओल धरतं आणि टवके उडालेत तिथूनच गंज सुरू होतो.