आईच्या चिंताविकारावर गोळ्या सुरू होऊन पंधरा दिवस झाले, फरक दिसत नाही. बंद कराव्यात का?

कृपया स्वतःहून बंद करू नका. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या किमान सहा महिने तरी चालू ठेवून, मगच डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. सुरुवातीला बेचैनी वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. जगणे नकोसे झाल्याचे आई बोलल्यास मात्र त्यांना एकटे न सोडता लगेच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यावे किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. दर पंधरवड्याला चिंतेची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची जीएडी-७ प्रश्नावली भरून २१ पैकी गुण वहीत लिहावेत. माझ्या आईच्या वहीतला आकडा १६ वरून ९ वर आला, त्यानंतरच ती रंकाळ्यावर पुन्हा फिरायला येऊ लागली.