हिप्परग्याच्या तलावात दिसलेला काडीसारखा कीटक विंचू आहे का?

आपण विचारले आहे की, सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठावर पाणवनस्पतींत सापडलेला, शेपटीला लांब सुई असलेला हा काडीसारखा कीटक विंचू आहे का आणि तो डंख मारतो का.

वर्णनावरून हा रॅनाट्रा या प्रजातीतला पाणविंचू असावा. नावात विंचू असला तरी तो आठ पायांच्या विंचवांच्या कुळातला नसून, ढेकणांच्या गणातला सहा पायांचा कीटक आहे. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने 1790 मध्ये ही प्रजाती स्थापन केली, आणि आज तिच्यात शंभराहून अधिक जाती गणल्या जातात.

ज्या सुईची आपल्याला भीती वाटली ती नांगी नव्हे. दोन पन्हळीसारखे अर्धे भाग एकमेकांना जुळून ती श्वासनळी होते. तिचे टोक पृष्ठभागाबाहेर ठेवून हा कीटक डोके खाली करून वनस्पतीला धरून निश्चल राहतो, आणि डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले किंवा लहान मासे टप्प्यात येताच पुढच्या दोन पायांनी पकडून, चोच खुपसून त्यांचा रस शोषून घेतो. मला सर्वांत विलक्षण वाटतात ती त्याची अंडी: मादी ती वनस्पतीच्या ऊतीत रोवते, आणि प्रत्येक अंड्याचे दोन श्वसनतंतू बाहेर राहतात.

हातात दाबून धरल्यास तो चोचीने चावू शकतो. वेदना होते, परंतु माणसाला धोका नसतो. कृपया त्याला मारू नका, पुन्हा पाण्यात सोडा.