ग्रीन कार्ड काढायचं, पण राहायचं सांगलीत

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम सांगली. थोरला मुलगा न्यू जर्सीत असतो, नुकताच अमेरिकेचा नागरिक झाला. ‘तुम्हा दोघांचं ग्रीन कार्ड करून टाकू’ म्हणतो. आमच्याकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. वर्षातले चार-पाच महिने तिकडे आणि बाकी इकडे, असा आमचा बेत आहे. धाकटा सव्वीस वर्षांचा, अविवाहित. त्याला आमच्याबरोबर नेता येईल का? हिच्या जन्माचा दाखला कुठेच मिळत नाही, हीसुद्धा एक अडचण आहे. कार्ड काढावं का?

उत्तर : काका, बेत हाच राहणार असेल तर सध्या काढू नका. इथे न्यू जर्सीत माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक मुलांना हे ऐकायला आवडत नाही. त्यांना वाटतं, व्हिसाची कटकट संपेल. प्रत्यक्षात ती बदलून येते. ग्रीन कार्ड हा येण्याजाण्याचा पास नाही. माझं घर आता अमेरिकेत आहे, असं तुम्ही त्या सरकारला सांगितलेलं असतं.

‘सहा महिन्यांच्या आत एकदा पाय लावून आलं की कार्ड शाबूत’ हे तुम्ही चार ठिकाणी ऐकलं असेल. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर तुमच्याकडे नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून बघता येतं. वर्ष उलटलं तर परत यायला नुसतं कार्ड चालत नाही. पण त्याआधीही, दरवर्षी सात-आठ महिने सांगलीत असाल तर अधिकारी विचारणारच, घर नक्की कुठे आहे? टॅक्स कुठे भरता, औषधं कुठून घेता, परतीचं तिकीट कुठलं आहे, हे सगळं तो बघतो. आधीच माहीत असेल की लांब राहायचं आहे, तर दोन वर्षांपर्यंतचं री-एन्ट्री परमिट मिळतं. मात्र त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, सांगलीतून नाही.

पैशाची बाजू मुलं सहसा सांगत नाहीत. कार्ड झालं की तुमचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतं. पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं, सगळं. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत तसं धरून चालू नका. तुमच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती कळवावी लागते. निवृत्तीची रक्कम बँकेत असलेल्या कोणाचीही ती जाते. आणि पासष्टी ओलांडलेली असली तरी, इथे नोकरी न केलेल्या नव्या ग्रीन कार्डवाल्याला सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पैसे भरूनही घेता येत नाही. तोवर खासगी विमा.

मुलाला सांगा, घाई नाही. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाने आईवडिलांसाठी केलेल्या अर्जाला वार्षिक मर्यादा नसते, त्यामुळे ‘नंबर लावून ठेवू’ हा हिशेब इथे लागू नाही. उलट आय-१३० हा मुलाने तुमच्यासाठी भरायचा अर्ज एकदा केला की तुम्हाला कायमचं यायचं आहे असं नोंदलं जातं. पुढे व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्मवर तसं विचारतात, आणि तिथे खरंच लिहावं लागतं. ज्या दिवशी सांगलीचं घर बंद करायचं ठरेल, त्या दिवशी अर्ज करा.

धाकट्याचं उत्तर उलटं आहे. तुमच्याबरोबर तो येऊ शकत नाही. आईवडिलांच्या वर्गात ज्याचा त्याचा स्वतंत्र अर्ज असतो, मागोमाग मूल येत नाही. ते सहा वर्षांचं असलं तरी नाही. थोरल्याने भावासाठी अर्ज करावा, आणि तो मात्र लवकर करावा. जगभरातल्या भावंडांना मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यात एका देशाच्या वाट्यावर बंधन, त्यामुळे भारतीयांची रांग वीस वर्षांच्या घरात गेली आहे. या रांगेत असताना लग्न झालं तरी चालतं. दुसरी वाट तुमच्यामार्फत आहे : तुम्ही कार्डधारक झालात की अविवाहित मुलासाठी अर्ज करता येतो. ती रांग बरीच कमी, पण तुम्ही नागरिक होण्याआधी त्याने लग्न केलं की अर्ज तिथेच संपतो. इतकी वर्षं मुलाला बोहल्यावर चढू नको म्हणणारी आई मला अजून भेटायची आहे.

कागदांचं काम मात्र आत्तापासून करा, कार्ड काढा किंवा न काढा. काकूंच्या जन्मगावच्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. खरी गुंतागुंत नावांची असते. लग्नात आपल्याकडे बाईचं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदलतं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम गणपत, पासपोर्टवर सुनीता अमुक, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात घरात हाक मारायचं नाव. परक्या देशातल्या कारकुनाला या तीन बायका दिसतात. तिन्ही एकच, हे जोडणारं एकेक प्रतिज्ञापत्र हवं. मुलाच्या दाखल्यावर नुसतं ‘बाळ’ असेल तर नाव घालून घ्या. तुमच्या अर्जाला मुलाच्या दाखल्याबरोबर तुमच्या लग्नाचा दाखलाही लागतो. पूर्वी कोणी नोंदवत नसे, पण जुनं लग्नही आता नोंदवता येतं. पत्रिका आणि फोटो जपून ठेवले असतील तर बाहेर काढा.

प्रश्न : आई व्हिजिटर व्हिसावर माझ्याकडे एडिसनला आली आहे. मी नागरिक आहे. तिला परत न पाठवता इथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो असं ऑफिसातले सहकारी म्हणतात. खरं का?

उत्तर : कायद्याने हा अर्ज करता येतो, तुमचा आय-१३० आणि तिचा आय-४८५ (इथे राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) एकत्र भरतात. पण विमानतळावर तिने काय सांगितलं होतं? ‘नातवाला भेटायला आले’ म्हणाली आणि नंतर खरोखरच विचार बदलला, तर ठीक. सुरुवातीपासून राहायचंच ठरलं होतं आणि ते लपवलं, तर ते खोटं बोलणं ठरू शकतं, आणि त्याचा डाग कायमचा असतो. तुमची बाजू कुठली, ते तुम्हालाच माहीत. मला फोनवर खरं सांगा, मग बोलू. अर्ज भरलाच, तर निर्णय होईपर्यंत ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात आल्याशिवाय आईला भारतात जाऊ देऊ नका, घरचं लग्न असलं तरी. त्याशिवाय गेली की अर्ज सोडून दिला असं धरतात.