दुकानाचं बिलिंग बोलतं केलं, आता या मुलीनं पुढे काय करावं?

प्रश्न : कराडजवळ माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगी २० वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ती सगळा अभ्यास करते. बँकेच्या परीक्षेचा क्लासही लावला आहे. पण वर्षभरापासून तिला ॲड-ऑनचं, म्हणजे एनव्हीडीएला जोडायच्या जादा सोयींचं, वेड लागलंय. आधी कुठून कुठून मिळवून पंधरा-वीस टाकले. मध्ये एनव्हीडीए अपडेट झाला आणि त्यातले निम्मे बंद पडले, तेव्हा पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. आता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून स्वतःच बनवते. दुकानातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर तिच्यापुढे नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणायचं, ते तिनं महिनाभर खटपट करून बोलतं केलं. कौतुक वाटतं, पण काळजीही वाटते. या नादात बँक हातची जाईल का? यात पोट भरण्यासारखं खरंच काही आहे का?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या ‘बटण, बटण, बटण’ या शब्दांवर मी थांबले. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

स्क्रीन रीडर आपल्यासारखा पडदा बघत नाही. तो समोरच्या सॉफ्टवेअरला विचारतो, ‘इथे काय आहे, त्याचं नाव काय?’ बनवणाऱ्यानं बटणावर प्रिंटरचं चित्र चिकटवलं आणि नाव द्यायचं राहून गेलं, तर आपल्याला प्रिंटर दिसतो आणि तिला फक्त ‘बटण’ ऐकू येतं. अशी पाच बटणं ओळीनं असली की कुठलं बिल सेव्ह करतं आणि कुठलं पुसून टाकतं, हे तिनं ओळखायचं कसं? मी तिची फाइल पाहिलेली नाही, पण असल्या कामाचा नेहमीचा रस्ता सांगते. बटणावर जाऊन एनव्हीडीएच्या कीसोबत एफ-१ दाबलं की एक खिडकी उघडते आणि त्या बटणाची सगळी कुंडली तिथे येते. नाव रिकामं असतं, पण बऱ्याचदा बटणाला आतला एक क्रमांक असतो. मग त्या सॉफ्टवेअरच्याच नावाची एक छोटी पायथन फाइल लिहायची. त्यात सांगायचं की अमुक क्रमांकाचं बटण आलं तर त्याला ‘बिल सेव्ह करा’ म्हण, तमुकला ‘प्रिंट’ म्हण. मूळ सॉफ्टवेअरला हातही लागत नाही.

हे वाचायला चार ओळींचं आहे, पण ती चार ओळींवर महिनाभर बसली. यंत्र गप्प का आहे, दोष सॉफ्टवेअरचा की स्क्रीन रीडरचा, हे तिला शोधता आलं. दादा, याला वेड म्हणू नका. या कामाला ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग म्हणतात, म्हणजे दिव्यांगांनाही सॉफ्टवेअर वापरता येतं का ते तपासणं, आणि त्याचे पगार मिळतात.

पगार का मिळतात, तेही सांगते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं डिजिटल सेवा सर्वांना वापरता आल्या पाहिजेत हे मान्य केलं, पण बरीच वर्षं ते कागदावरच राहिलं. आता हालचाल दिसते. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच वर्षी जुलैमध्ये सेबीनं शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना आपली ॲप आणि संकेतस्थळं या दृष्टीनं तपासून घ्यायला सांगितलं. युरोपात २८ जून २०२५ पासून तिथला ॲक्सेसिबिलिटी कायदा लागू झाला, त्यामुळे युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनाही हे टाळता येत नाही. हे तपासायला नियमावली पाठ असणारी माणसं लागतातच. पण रोज स्क्रीन रीडरवर जगणारं आणि शिवाय आतला कोड वाचता येणारं माणूस सहज मिळत नाही.

आता त्या पंधरा-वीस ॲड-ऑनबद्दल. इथे मात्र मी तुमच्या बाजूची आहे.

एनव्हीडीएचं ॲड-ऑन म्हणजे एक गुंडाळलेली फाइल. तिच्यावर एंटर मारला, ‘हो’ म्हटलं, एनव्हीडीए पुन्हा सुरू केला की झालं. इतकं सोपं आहे म्हणूनच मुलं हावऱ्यासारखी टाकत सुटतात. पण आतला कोड एनव्हीडीएच्या पोटात बसून चालतो, त्याला वेगळं कुंपण नसतं. एनव्हीडीए जे वाचतो आणि तुम्ही जे टाइप करता, ते सगळं त्याला कळू शकतं. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल लॅपटॉपवर टाकायची आणि त्याच लॅपटॉपवर दुकानाचं नेटबँकिंग करायचं, हे मला अजिबात पसंत नाही. २०२३ पासून एनव्हीडीएतच ॲड-ऑन स्टोअर आहे. टूल्सच्या मेनूत जायचं, तिथूनच घ्यायचं, एका वेळी एकच, आणि आठवडाभर वापरून बघायचं. गरज नसेल तर काढून टाकायचं.

ते निम्मे बंद का पडले, हेही तिला कळायला हवं. एनव्हीडीएच्या आवृत्त्यांना वर्षाचं नाव असतं. वर्षातल्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे २०२५.१ सारख्या, आतली रचना बदलू शकते. प्रत्येक ॲड-ऑनच्या आत एक छोटी माहितीची फाइल असते आणि ‘मी अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेलं आहे’ असं त्यात लिहिलेलं असतं. ते जुनं निघालं तर एनव्हीडीए ते ॲड-ऑन बंद ठेवतो. तिचं काहीच चुकलं नव्हतं. अपडेट करण्याआधी आपली ॲड-ऑन चालतील का हे बघायचं आणि जुन्या सेटिंगसकट एनव्हीडीएची एक पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, एवढी सवय पुरे. मशीन अडखळायला लागलं तर एनव्हीडीए बंद करताना जी चौकट येते, तिच्यात ‘ॲड-ऑनशिवाय पुन्हा सुरू करा’ हा पर्याय असतो. त्यानं अडखळणं थांबलं की दोष ॲड-ऑनमध्येच आहे हे पक्कं.

आणखी एक. तिनं टाकलेल्या ॲड-ऑनपैकी काहींची कामं एनव्हीडीए मुळातच करतो, असा माझा अंदाज आहे. एखादा मराठी शब्द चुकीचा उच्चारला जात असेल तर उच्चारांचा शब्दकोश आत आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळा वेग, वेगळा आवाज ठेवता येतो. कुठल्या कामाला कुठली की दाबायची, हे बदलता येतं. कोड लिहिताना कुठली ओळ किती आत सरकली आहे, हे तो सुरांनी सांगतो. ओळ जितकी आत, तितका सूर वर. पायथनमध्ये सगळा अर्थ त्या सरकण्यावरच असतो, त्यामुळे ही सोय तिनं चालू केली नसेल तर आजच करू दे.

बँकेचं काय? क्लास सोडायचा नाही. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. क्लार्कच्या परीक्षेची वयोमर्यादा एरवी २८ असली तरी दिव्यांगांना १० वर्षांची सवलत आहे. ती २० वर्षांची आहे. बँक पळून जात नाही.

पण बँकेत लागल्यावर पुढे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेला एक मुलगा पहिल्या फटक्यात पास झाला, शाखेत रुजू झाला. सात महिने त्याला फोन उचलायला बसवलं होतं. साहेब वाईट नव्हते. काउंटरचं सॉफ्टवेअरच त्याच्याशी बोलत नव्हतं, त्यामुळे त्याला काम तरी काय देणार? रोज दहा ते पाच पूर्ण पगारावर रिकामं बसायचं. तो मला म्हणाला, ‘मॅडम, इथे मी उपकाराचा पगार घेतोय.’ पुढे त्यानं रीतसर अर्ज केला, आयटी विभागाच्या परवानगीनं त्या सॉफ्टवेअरसाठी जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरच्या स्क्रिप्ट, म्हणजे ॲड-ऑनसारख्याच छोट्या फाइली, बसवून घेतल्या आणि काउंटरवर आला. तुमच्या मुलीला त्या स्क्रिप्ट स्वतः वाचता-लिहिता आल्या तर ती असं ताटकळणार नाही. बँक आणि हा छंद एकमेकांच्या आड येतात असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही.

म्हणून तिनं जॉजही शिकावा. एनव्हीडीए फुकट आणि खुला आहे. जॉज विकत घ्यावा लागतो, पण नोकरीच्या ठिकाणी तो बऱ्याचदा भेटतो. त्याची स्क्रिप्टची भाषा स्वतंत्र आहे. जॉज की आणि शून्य दाबलं की स्क्रिप्ट मॅनेजर उघडतो. पायथन येणाऱ्याला ती भाषा अवघड जात नाही. परवाना नसताना तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, तोंडओळखीला तेवढं बास.

पुढच्या दीड वर्षात फार काही मागत नाही. पदवी पूर्ण होऊ दे. एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेस या संस्थेची ‘एनव्हीडीए सर्टिफाइड एक्स्पर्ट’ परीक्षा ऑनलाइन आहे, द्यायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं तर शुल्क आहे. ती या वर्षीच होईल. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी नियम तिनं हळूहळू वाचावेत. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिबाधितांसाठीचं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र २००३ पासून आहे, एकदा तिला तिथे घेऊन जा. लाखभर फी सांगणाऱ्या कोडिंगच्या क्लासला मात्र पैसे भरू नका. त्यांचे धडे तिच्या स्क्रीन रीडरवर चालतात का, ते आधी त्यांनी दाखवावं.

या आठवड्यात एक काम करा. तिचं ॲड-ऑन हे बिलिंगला लावलेलं ठिगळ आहे. उद्या कंपनीनं बटणांचे क्रमांक बदलले की ते उसवणार, आणि दुसऱ्या गावातल्या अंध दुकानदाराला त्याचा उपयोगही नाही. म्हणून कुठल्या पडद्यावरच्या कुठल्या बटणाला नाव नाही, काय नाव असायला हवं, तिनं ते तात्पुरतं कसं सोडवलं, असं सगळं तिनं त्या कंपनीला लिहून पाठवावं. तुम्ही त्यांचे पैसे भरणारे ग्राहक आहात, तेव्हा पत्र तुमच्या दुकानाच्या नावानं जाऊ दे आणि खाली तिची सही असू दे. उत्तर येवो न येवो, एक प्रत तिनं जपून ठेवावी. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे ते पहिलं काम असेल.

त्या पत्राची एक प्रत मलाही पाठवा. आणि पुढचा प्रश्न तिनं स्वतः लिहावा, मला तिच्याशी बोलायचं आहे.