घर-जमीन : वाचकांचे प्रश्न
अलिबाग गावात घर घेताना

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत राहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. अलिबाग गावात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, 1991 साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक आम्हा दोघांना आवडलाय. लिफ्ट नाही. एजंट म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच टोकन द्या. मुलगा म्हणतो गावाच्या गर्दीत कशाला, किहीम-नागावकडे प्लॉट बघा. शिवाय सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या नियमांची, भीती घालणारे भेटतात ते वेगळेच. काय करू?

उत्तर : टोकन देऊ नका. निदान मी खाली लिहिलेले कागद हातात येईपर्यंत तरी नको. घाई एजंटला असते, घराला नसते.

गाव की बाहेर, याचं माझं उत्तर पक्कं आहे : म्हातारपणासाठी गावच. मी इथल्या कोर्टात वकिली करते आणि ब्राह्मण आळीच्या बाजूला राहते. सिव्हिल हॉस्पिटल, एसटी स्टँड, कलेक्टर कचेरी, मासळी बाजार, सगळं पायी होतं. बाहेर वाडीत बंगला बांधलेली माणसं पहिली दोन वर्षं खूश असतात. मग गुडघे दुखायला लागतात, माळी सोडून जातो, रात्री कुत्री भुंकली की झोप उडते. त्यांचे विक्रीचे कागद करायला ती माझ्याकडेच येतात. गावातही एक उणीव आहे, ती लपवत नाही. हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं दुखणं आलं तर पेण-वडखळ मार्गे नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. दोघांपैकी कुणाला असं जुनं दुखणं असेल तर हा विचार आधी करा.

घर बघायला दोनदा या. एकदा डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे पर्यटकांच्या गाड्या गल्लीत कशा अडकतात आणि तुमच्या दारासमोर कोण गाडी लावून जातं ते कळेल. दुसऱ्यांदा जुलैत. तेव्हा गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. गाड्या नेणारी रो-रो बोट आहे, पण समुद्र खवळला की तीही थांबते, मग रस्ता एवढाच आधार. मासेमारी बंदीमुळे बाजारात मासळीही बेताची असते. एवढं बघूनही घर आवडलं, तर ते खरंच आवडलंय असं समजा.

आता इमारत. समुद्राकाठी इमारत आतून जाते. खारा वारा आणि दमट हवा काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. त्या काळात खाडीची वाळू सर्रास वापरली जायची, त्यातलं मीठ तर बांधतानाच आत गेलेलं असतं. म्हणून ब्लॉकच्या आतला नवा रंग बघू नका. जिन्याखाली जा, पार्किंगचे खांब बघा, छज्जांच्या खालची बाजू बघा. खांबाला उभी, सळईच्या रेषेत गेलेली चीर दिसली, प्लास्टरवर ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तांबूस ओघळ दिसले, तर तिथेच थांबा. सोसायटी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ‘अहवाल आहे, पण सापडत नाही’ असं उत्तर मिळालं तर तुमच्या खर्चानं इंजिनिअर न्या. पुढे दुरुस्तीची वर्गणी निघते तेव्हा त्या फीपेक्षा कितीतरी जास्त द्यावे लागतात. गच्चीवरची शेड, पाण्याच्या टाक्या कशा बांधल्यात तेही बघून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथे पत्रे उडून शेजारच्या घरांवर पडले होते. आणि बोअरचं पाणी चाखून बघा, मचूळ लागेल तर नळाच्या पाण्याची वेळ विचारा.

कागदांत पहिला प्रश्न, जमीन कुणाच्या नावावर? सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा. अजून बिल्डरचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणं, झालेलं नाही, आणि उद्या इमारत पाडून बांधायची वेळ आली की सगळा घोळ तिथे सुरू होतो. छोट्या गावांत कित्येक इमारतींची सोसायटीच झालेली नसते. काही ठिकाणी सोसायटीऐवजी अपार्टमेंटचं घोषणापत्र असतं. यातलं काय आहे ते लेखी घ्या. विकणाऱ्याकडे आधीच्या खरेदीखतांची साखळी आणि प्रत्येकाची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) हवी, शिवाय 30 वर्षांचा सर्च, म्हणजे तिथल्या जुन्या नोंदींचा शोध.

सीआरझेडला भिऊ नका, पण समजून घ्या. नियमांची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. तुमची इमारत नेमकी त्याच वर्षातली! म्हणून बांधकाम परवानगीची आणि भोगवटा दाखल्याची तारीख डोळ्यांनी बघा. परवानगी त्या तारखेनंतरची असेल तर ती कोणत्या नियमाखाली मिळाली ते नगरपालिकेत विचारा. भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा या नियमांत येतो, तुमचं घर अर्थातच त्यात आहे. पालिका हद्दीतला बांधून झालेला भाग साधारणपणे सीआरझेड दोनमध्ये धरतात. तिथे जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं, समुद्राकडच्या बाजूला नाही. ब्लॉक विकत घ्यायला यातली कसलीच आडकाठी नाही. प्रश्न येतो पुनर्बांधणीच्या वेळी. इमारत सीआरझेडच्या नकाशात कोणत्या बाजूला आहे हे म्हणून आजच तपासायचं.

आणि लिफ्ट नसलेला तिसरा मजला साठीत घेऊ नका. त्याच गल्लीत पहिला मजला मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, मात्र त्यात तुमचं नाव जोडता येणार नाही.

प्रश्न : गावाबाहेर पाच गुंठे शेतजमीन स्वस्तात मिळतेय. आम्ही शेतकरी नाही. एजंट ‘शेतकरी दाखला’ काढून देतो म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : नाही. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. असा दाखला उद्या खोटा ठरला तर व्यवहार रद्द होईल, जमीन जाईल आणि खोट्या कागदाचा गुन्हा तुमच्याही अंगावर येईल. एनए (बिगरशेती) झालेलाच प्लॉट बघा, आणि एनएचा आदेश स्वतः वाचा.

प्रश्न : जुन्या आळीतलं कौलारू घर आवडलंय. मालक पाच भावंडं, दोघं परदेशात. थोरला भाऊ म्हणतो, सगळ्यांच्या वतीनं मी सही करतो.

उत्तर : त्याच्या एकट्याच्या सहीनं त्याचा हिस्साच विकला जातो. पाचांची वारसनोंद मालमत्ता पत्रकावर आली का ते आधी बघा. मग एकतर पाचही जण सह्या करतील, नाहीतर बाकीचे चौघे थोरल्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड करतील. परदेशातल्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं. बहिणींना विसरू नका. ‘तिला काही नको’ हे भावाचं बोलणं म्हणजे कागद नव्हे. परसातली विहीर आणि शेजाऱ्याची वहिवाट खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या. पडवीत जुना भाडेकरू असेल तर त्याच्याशी आधी बोलणी करा, इसार नंतर.