गाडी फडाकडे निघायच्या आधी

प्रिय पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. ‘मला सायन्स जमंल का, मॅडम?’ एवढं विचारलंस आणि पुढं नुसता वारा. जमेल की नाही, ते मलाही माहीत नाही, आणि आज कळायची घाईही नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. दिवाळी झाली की तुझ्या आईवडिलांचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, साखर कारखान्यावर जाणार, तो पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतायचा नाही. तुझी दहावी त्या मधल्या काळात. म्हणून हे पत्र.

तू म्हणतेस, चार हंगाम फडावर गेले, विज्ञान कच्चं राहिलं. मग सांग, तोडलेला ऊस रात्रभर फडात पडून राहिला की मुकादम का ओरडतो? वजन घटतं, हे तुला पाठ आहे. मजुरी टनावर मिळते. पण आत आणखी एक गोष्ट चालू असते. तोडल्यावर उसातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतं, त्याची दाणेदार साखर पडत नाही, आणि कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो. मुकादमाच्या शिव्यांमागं रसायनशास्त्र आहे! आणि कारखान्याचा माणूस रसाचा थेंब काचेवर टाकून, नळीला डोळा लावून उजेडाकडं बघतो ना, तो ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, मोजतो. रसात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. तुझ्या दहावीच्या पुस्तकातला ‘प्रकाशाचे अपवर्तन’ तो हाच. शहरातल्या मुलीला हे चित्रातून शिकावं लागतं.

आता खरी अडचण. मी मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेले तेव्हा पहिला महिनाभर सर ‘ॲक्सिलरेशन, ॲक्सिलरेशन’ म्हणत होते आणि मी गप्प. ते माझं ‘त्वरण’ आहे, हे सहामाहीत नापास झाल्यावर कळलं. मला विषय येत होता, त्याचं नाव येत नव्हतं. एवढ्यावरून मी स्वतःला ढ ठरवलं होतं. तू एक वही कर. डावीकडं संवेग, उजवीकडं मोमेंटम. विभवांतर, पोटेन्शियल डिफरन्स. रोज पाच शब्द, मोठ्यानं म्हणून. आजीला वाटेल पोरीला लागिर झालं, वाटू दे.

अकरावी की डिप्लोमा, यावर माझं मत स्पष्ट आहे, आणि ते तुझ्या सरांना पटणार नाही. तुला यंत्रं, वीज, कॉम्प्युटर यांतलं काही आवडत असेल तर दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकला जा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि शेवटी हातात काहीतरी असतं. मग नोकरी कर, नाहीतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जा. बारावी सायन्सचं गणित वेगळं. आपल्याकडच्या किती कॉलेजांत प्रयोगशाळेचं कुलूप निघतं, ते तुलाही दिसतं. मग सीईटी या प्रवेश परीक्षेसाठी लातूर किंवा संभाजीनगरचा क्लास, त्याची फी, खोलीचं भाडं. शुद्ध विज्ञानाचीच ओढ असेल तर मात्र बारावीचीच वाट धर, मी अडवणार नाही.

शाळेत भाषणात शास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव येईल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून आधी नकार दिला, त्या अडून बसल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मोठ्या बाई. पण त्यांचे वडील आणि काका दोघं त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे भाषणात सांगत नाहीत. तुझ्या घरात फॉर्म कुठला भरायचा हे सांगणारं कोणी नाही. म्हणून मी प्रेरणेपेक्षा कागदांवर जास्त बोलते.

पैशाचं थोडक्यात. केंद्राची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे, डिप्लोमालाही मिळते, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोघींपर्यंत. गुणवत्तेवर निवड होते, तेव्हा ती मिळेलच असं धरून चालू नकोस. पुढं डिग्रीला गेलीस तर २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मेसचं बिल त्यात येत नाही. वसतिगृहाचं आपण वेगळं बघू.

आता कागद. माझी डिग्रीची पहिली फेरी जात पडताळणीपायी हुकली. तुझ्या प्रवर्गाला १९६१ पूर्वीची जातीची नोंद मागतात. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावाच्या शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, शोधा. तो वडिलांकडच्याच रक्ताचा हवा, मामाकडचा चालत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र आता काढू नकोस, ३१ मार्चला त्याची मुदत संपते, तो एप्रिलनंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझं बँक खातं आधारला जोडून घे आणि मोबाइल नंबर आजीजवळ राहणाऱ्या फोनचा दे. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म ओटीपीसाठी आठ दिवस अडला. ओटीपी वडिलांच्या फोनवर, फोन कर्नाटकातल्या फडावर, आणि रिचार्ज संपलेला.

स्थळाचं तू बोलली नाहीस, तुझ्या बाईंनी सांगितलं. लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आईशी भांडू नकोस. तिच्यापुढं प्रवेशाची पावती आणि वसतिगृहाची खोली ठेवू. ‘पोरगी राहणार कुठं’ या काळजीला तेवढंच उत्तर आहे. तरी कुणी घाई केलीच तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फुकट लागतो, रात्रीसुद्धा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

गाडी कधी भरणार ते कळव. आदल्या दिवशी मी गावात येते. वडिलांना सांग, पत्र्याच्या पेटीतला त्यांचा शाळेचा दाखला वर काढून ठेवा, आणि त्या दिवशी दुपारी घरी थांबा. सह्या बऱ्याच लागतील.

तुझी,
मॅडम