कोडी झटपट सोडवणारं बुद्धिबळाचं इंजिन खेळायलाही तितकंच बलवान असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही स्वतः लिहिलेलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, ‘विन ॲट चेस’ या कोड्यांच्या संचातल्या ३०० पैकी २८७ कोडी पाच-पाच सेकंदांत सोडवतं, मित्राचं इंजिन २६० वर अडकतं. मग तुमचं इंजिन जास्त बलवान समजायचं का, आणि त्यावरून एलो, म्हणजे खेळण्याची ताकद सांगणारा आकडा, किती धरायचं?

नाही. तेवढ्यावरून बलवान समजू नका, आणि एलो तर अजिबात काढू नका. दोघांचे डाव लावा.

खरं तर उत्तर एवढंच आहे. पण हा वाद मी बडोद्यात, आमच्याच घरात, वर्षानुवर्षं ऐकत आलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मी सी भाषेत एक इंजिन लिहिलं होतं. माझा आतेभाऊ कारेलीबागेत राहायचा, वयाने माझ्याहून थोडा लहान. त्यानेही त्याच सुमारास स्वतःचं लिहिलं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजोबांच्या पटावर आम्ही दोघं वाढलो, त्यामुळे ईर्ष्या जुनीच होती. इथल्याच एका कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात इंजिनांची स्पर्धा जाहीर झाली आणि दोघांनी नाव दिलं. मला वाटलं होतं साखळी सामने होतील. तिथे गेल्यावर कळलं की डाव नाहीतच. परीक्षकांकडे ३०० कोड्यांची फाइल, दर कोड्याला दहा सेकंद, ज्याची जास्त बरोबर तो पहिला.

आता दोन इंजिनांतला फरक सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. माझ्या इंजिनात नल मूव्ह होती आणि लेट मूव्ह रिडक्शन होतं. आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती भक्कमच राहते असं दिसलं, की पुढच्या चालींची ती फांदी छाटून टाकायची. आणि यादीत मागे पडलेल्या चाली कमी खोलीवर, म्हणजे थोड्याच चाली पुढे बघून, उरकायच्या. त्यामुळे तेवढ्याच वेळात सर्च, म्हणजे पुढच्या चालींचा शोध, कितीतरी खोल जातो. याची किंमत मोजावी लागते ती मुख्यतः एका ठिकाणी. वजीर फुकट देणारी विचित्र चाल यादीच्या तळाशी पडते, तिला खोली कमी मिळते, आणि तिचं मर्म उशिरा कळतं. कोड्यांच्या पुस्तकात नेमक्या अशाच चाली निवडून घातलेल्या असतात. उरलेला वेळ मी मूल्यमापनावर, म्हणजे स्थिती किती चांगली याचा आकडा काढण्यावर, घालवला होता: राजाभोवतीची प्यादी, एकटं पडलेलं प्यादं, पुढे निघालेलं मोकळं प्यादं, स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला उंट, हत्तीसाठी उघडी पट्टी.

आतेभावाने छाटणी जवळजवळ ठेवलीच नव्हती. प्रत्येक शहाला खोली वाढवायची, मारामारी शेवटपर्यंत बघायची. मूल्यमापन म्हणजे मोहऱ्यांची किंमत आणि कुठलं मोहरं कुठल्या घरात बरं याचा एक तक्ता, बस्स. शह-शह-मात असली कोडी त्याचं इंजिन क्षणात सोडवायचं. वीसेक कोड्यांनी तो पुढे राहिला आणि ढाल घेऊन गेला.

मी परीक्षक सरांकडे गेलो. म्हटलं, सर, बक्षीस राहू दे त्याच्याकडे, पण या दोन इंजिनांचे निदान दहा डाव लावून बघा. ते म्हणाले, “ज्याला कॉम्बिनेशन दिसतं तोच खेळतो. बाकी सगळं तोंडी लावायला.” आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. हे वाक्य मी विसरलेलो नाही. ज्याला बुद्धिबळ कळतं असं सगळं शहर मानायचं, त्या माणसाने डाव बघायचंच नाकारलं, याचा मला आजही राग आहे.

सुट्टीत आम्ही दोघांनी ते घरी केलं. दांडिया बाजारातल्या माडीवर एकच कॉम्प्युटर, दोन्ही इंजिनं त्याच्यावर, रंग आलटून पालटून, रात्रभर डाव चालू. बाहेर मे महिना, आत पंख्याची घरघर आणि कॉम्प्युटरची ऊब. सकाळी आई चहा घेऊन वर यायची तेव्हा आम्ही आधी स्क्रीनकडे धावायचो. शेकडो डाव झाले आणि माझं इंजिन सरळसरळ वरचढ ठरलं. काठावर नाही, सरळसरळ.

त्यातला एक डाव मला अजून चालीबरहुकूम आठवतो. त्याच्या इंजिनाने वजिराच्या बाजूचं एक प्यादं मारलं, मग दुसरं. त्यासाठी स्वतःच्या राजासमोरची प्यादी पुढे ढकलली आणि पांढऱ्या घरांतला उंट स्वतःच्याच प्याद्यांच्या साखळीमागे कोंडून घेतला. यातली एकही चाल चूक म्हणून बोट ठेवण्यासारखी नव्हती. त्या सबंध काळात पटावर एकही ‘कोडं’ नव्हतं, म्हणजे एका जबरदस्त चालीने काही मिळावं अशी स्थितीच आली नाही. त्याचं इंजिन स्वतःला दीड प्याद्याने पुढे समजत होतं. माझ्याने हत्ती उघड्या पट्टीवर आणला, घोडा मधोमध रोवला आणि हळूहळू पट आवळत नेला. त्याच्या मूल्यमापनाचा आकडा उलटला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उंट शेवटपर्यंत त्याच घरात उभा होता.

आतेभाऊ काय म्हणाला? “हे घरचे डाव. ढाल माझ्याकडे आहे.” कुठल्याही लग्नकार्यात भेटलो की अजून तेच म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो. कोडं हातात देताना आपण इंजिनाला एक फार मोठी गोष्ट फुकट देतो: इथे काहीतरी आहे, आणि ते एकाच चालीत आहे. तुमच्या कसोटीत तर हे आणखीच पक्कं होतं, कारण उत्तर एकच मानलेलं असतं. डावात असं कोणी सांगत नाही. बहुतेक चालींना जिंकून देणारा फटका नसतोच. चार बऱ्या चालींतली जरा अधिक बरी कुठली हे ठरवायचं असतं, आणि डाव त्या ‘जरा’च्या बेरजेवर सुटतो. कोडी या बेरजेला हातही लावत नाहीत.

हे मी एकटा म्हणत नाही. इव्हान ब्रॅट्को आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ मध्ये माणसं आणि कॉम्प्युटर यांची तुलना करायला २४ स्थितींची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातल्या निम्म्याच डावपेचाच्या ठेवल्या. उरलेल्या निम्म्या प्याद्याची योग्य वेळची धडक ओळखण्याच्या होत्या. कॉम्प्युटर डावपेचात पुढे आणि प्याद्यांच्या रचनेत मागे, हे त्यांना तेव्हाच तपासायचं होतं. आमच्या परीक्षक सरांच्या स्पर्धेआधी कितीतरी वर्षं.

आणि एलोचं म्हणाल तर तोही प्रयोग होऊन गेलाय. बीटी-२६३० नावाची ३० स्थितींची चाचणी होती. उत्तर सापडायला सरासरी जितके सेकंद लागतील तितके २६३० मधून वजा करायचे, की झालं तुमचं एलो. म्हणजे कॉम्प्युटर वेगवान झाला की इंजिनात एक ओळही न बदलता एलो वाढणार, आणि कितीही बलवान इंजिन आणलं तरी २६३० च्या वर जाणारच नाही. अशा आकड्याला काय अर्थ आहे?

वरच्या पातळीवरचं उदाहरण हवं असेल तर लीला हे न्यूरल नेटवर्कवर चालणारं इंजिन घ्या. सेकंदाला तपासलेल्या स्थिती मोजल्या तर ती स्टॉकफिश या नामांकित इंजिनाच्या जवळपासही नव्हती, आणि काही चालींचे डावपेच, जे स्टॉकफिशला डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसायचे, ते तिच्याकडून निसटायचे. तरी २०१९ मध्ये टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या पंधराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात तिने स्टॉकफिशला ५३.५–४६.५ असं हरवलं. त्याआधी २०१७ मध्ये डीपमाइंड या गूगलच्या कंपनीच्या अल्फाझीरो प्रोग्रॅमने स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. तेव्हा अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती बघत होता आणि स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. (त्या सामन्यातल्या स्टॉकफिशच्या सेटिंगवर बरीच टीका झाली आणि ती रास्त होती, पण स्थिती ‘समजणं’ ही वेगळी ताकद आहे हे तिथून सगळ्यांनी मान्य केलं.) पुढे २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने स्वतःच एनएनयूई, म्हणजे मूल्यमापनासाठी छोटं न्यूरल नेटवर्क, स्वीकारलं आणि एका झटक्यात मोठी झेप घेतली. ती झेप शहाला खोली वाढवून आलेली नाही, मूल्यमापन सुधारून आलेली आहे.

उलट बाजूही बघा. हुडिनी ३ या इंजिनात कोडी सोडवण्यासाठी वेगळा टॅक्टिकल मोड दिला होता. तो मोड चालू केला की इंजिन खेळायलाही जास्त बलवान होत असतं तर तोच नेहमीचा मोड ठेवला नसता का?

आणि २०२४ चं डीपमाइंडचं काम तुम्ही जरूर बघा. २७ कोटी पॅरामीटरचं मॉडेल, पुढच्या चालींचं झाड अजिबात न शोधता थेट चाल देणारं. कोडी झकास सोडवतं, लीचेस या ऑनलाइन साइटवर माणसांविरुद्ध ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत, २८९५ एलोपर्यंत पोहोचलं. पण जिंकलेल्या स्थितीत सगळ्याच चाली जिंकणाऱ्या दिसल्या की ते इकडेतिकडे फिरत बसायचं, आणि समोर फक्त चालू स्थिती असल्यामुळे तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय (म्हणजे डाव बरोबरीत जातोय) हे त्याला कळायचं नाही. कोड्यात ही खोट दिसणार कुठून? कोडं तर फटका मारला की संपतं.

आतेभाऊ हे वाचेल, कारण मी त्याला पाठवणार आहे. तर त्याच्यासाठीही: रे, तुझं इंजिन कोडी छान सोडवायचं, हे मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. पण ‘कुठलं इंजिन बलवान’ याचं उत्तर त्या माडीवर मिळालं, त्या हॉलमध्ये नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. इंजिनांचे आपसांत डाव लावणारा क्यूटचेस हा प्रोग्रॅम घ्या, दोन्ही इंजिनं यूसीआयने, म्हणजे इंजिनं जोडायच्या ठरलेल्या पद्धतीने, जोडा. समतोल ओपनिंगचा एक संच घ्या आणि प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळवा. वेळ कमी ठेवा, सबंध डावाला दहा सेकंद आणि वर दर चालीला दशांश सेकंद पुरे. डाव भरपूर हवेत. अगदी सारख्या ताकदीच्या दोन इंजिनांत १०० डाव झाले आणि फारशा बरोबऱ्या नसल्या, तर ५५–४५ असा निकाल नुसत्या योगायोगानेही येतो. आणि ५५ टक्के म्हणजे एलोत जेमतेम ३५ चा फरक. स्टॉकफिशवाले २०१३ पासून फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी-व्यवस्थेवर एकेका छोट्या बदलासाठी हजारो डाव लावतात ते उगीच नाही. फक्त मित्राच्याच इंजिनाशी खेळवू नका, आसपासच्या ताकदीची आणखी चार-पाच इंजिनं घ्या. नाहीतर तुम्ही त्या एकाला हरवायला शिकाल, बाकीच्यांना नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. कोडी टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. अगदी खालच्या पातळीवर कोडी आणि ताकद हातात हात घालून चालतात. दोन चालींचा फटका ज्याला दिसत नाही ते इंजिन कशानेही वाचत नाही. तुमच्या आणि मित्राच्या इंजिनातलं २७ कोड्यांचं अंतर त्याच्याकडच्या अशाच एखाद्या ढोबळ बगमुळे असेल, तर तुमचं इंजिन खरंच वरचढ निघेलही. शिवाय काही बदल केल्यावर २८७ चे अचानक २४० झाले, तर समजा की चाली तयार करण्यात किंवा मारामारी मोजण्यात काहीतरी बिघडलंय. त्यासाठी तो संच ठेवाच. मात्र त्याच ३०० कोड्यांवर इंजिन घासत बसू नका, ते तेवढ्यांपुरतंच हुशार होईल. त्यातल्या काहींची छापील उत्तरंही आजच्या इंजिनांपुढे एकमेव ठरत नाहीत, तेव्हा शेवटच्या पाच-सहा कोड्यांसाठी तर जीव काढूच नका.

आणि डाव लावल्यावर हरलेले डाव वेगळे काढून त्यांचा आकड्यांचा आलेख बघा. एखाद्या चालीला आकडा एकदम कोसळत असेल तर डावपेचात कमी आहे: सर्च तपासा, छाटणी जास्त झालीय का बघा. आकडा बराच वेळ तुमच्या बाजूने राहून मग दर चालीला थोडाथोडा घसरत असेल, तर मूल्यमापन खोटं बोलतंय. तिथे आधी राजाभोवतीची प्यादी आणि मोकळी प्यादी बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.